अण्णांचं डम्पिंग

सायन स्टेशनबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाची, म्हणजे बीकेसीची बस पकडायची, धारावीच्या टी जंक्शनला गाडी तुंबली की पर्स मांडीत घट्ट धरायची आणि खाडीचा वास सुरू झाला की रुमाल नाकाला लावायचा. बँकेतल्या नोकरीची बावीस वर्षं माझा हाच क्रम होता. मधेच उजव्या हाताला एक फाटक लागे. ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ अशी पाटी आणि मागे दाट झाडी. ती झाडी मी बसच्या खिडकीतून हजारो वेळा पाहिली असेल, पण उतरले एकदाही नाही. सकाळी मस्टर गाठायचं असतं, संध्याकाळी भाजी घ्यायची असते. मधल्याच स्टॉपवर उतरून रानात शिरणारी बाई मी तरी त्या बसमध्ये कधी पाहिली नाही.

अण्णांचं तसं नव्हतं. माझे वडील त्या जागेवर रोज जात. पण तेव्हा तिथं पाटीही नव्हती आणि झाडीही. महापालिकेच्या कचरा खात्यात ते कारकून होते आणि लग्नानंतरची काही वर्षं त्यांची नेमणूक धारावीच्या डम्पिंगवर होती. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल-खुर्ची टाकून बसायचं आणि आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद करायची. नंबर, वॉर्ड, वेळ, कितवी फेरी. ‘अण्णांचं डम्पिंग’ हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. ते घरी आले की आई त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. चप्पल बाहेर, डबा बाहेर, मोरीत गरम पाण्याची बादली तयार. आंघोळ झाली की मगच चहा. एवढं करूनही त्यांच्या शर्टाला धुराचा, जरासा आंबूस असा वास राहायचाच, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडायचा.

यंदा दसऱ्यानंतर एका सकाळी अण्णांनी पेपर खाली ठेवला. बातमी धारावीच्या पुनर्विकासाची होती. त्या गदारोळात मागे या उद्यानाचंही नाव आलं होतं. पुढे ते प्रकल्पात नाही असं उच्च न्यायालयात सांगण्यात आलं.

“बेबी, माझं डम्पिंग दाखवून आण एकदा,” अण्णा म्हणाले.

सत्तावन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं आता एकच माणूस उरलंय. त्यामुळे नाही म्हणता येत नाही.

आमच्या माटुंग्याच्या घरापासून हे अंतर किती? फाइव्ह गार्डनला दोन-तीन चकरा मारणारा माणूस सहज चालत जाईल एवढं. पण अण्णांचं वय ब्याऐंशी, आणि सायनचा रेल्वेवरचा पूल पाडलेला असल्यानं गाड्यांना वळसा पडत होता. टॅक्सीवाल्यानं किंग्ज सर्कल, सायन हॉस्पिटल करत गाडी कुंभारवाड्यातून नेली. दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पणत्यांच्या ओळी उन्हात वाळत पडल्या होत्या, काही गेरू लावलेल्या, काही अजून ओल्या काळपट. टॅक्सी मुंगीच्या पावलानं चालली होती. अण्णांनी काच खाली केली आणि भट्टीचा धूर आत घेतला. “हा वास मात्र तोच आहे,” म्हणाले.

फाटकावर तिकीट काढलं आणि वॉचमननं वही पुढे केली. नाव, फोन, येण्याची वेळ, भेटीचे कारण. मी माझ्यापुरतं ‘सहल’ लिहिलं. अण्णांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, चष्मा पुसला आणि माझ्या खालच्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : ‘पाहणी’.

आत शिरल्यावर पन्नासेक पावलांत अंगावरचं ऊन गेलं. ऑक्टोबरचं ऊन ज्यांनी मुंबईत सोसलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, पण शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू यावा तसे. करंज, बेहडा, पांगारा, ताम्हण. वाटेच्या कडेला पालापाचोळा पडू दिलेला, त्यावर पाय दिला की चुर्र आवाज येई. दोन झाडांच्या मधे, डोक्याच्या थोडं वर, तळहाताएवढी कोळीण आपल्या सोनेरी जाळ्यात मधोमध उलटी लटकली होती. अण्णा तिच्याखालून जायला तयार नव्हते. पाच मिनिटं थांबून, काठी उंच धरून, तिला जराही धक्का न लावता आम्ही बाजूनं गेलो.

एका शाळेची मुलं आली होती, धारावीतलीच असावीत. बाई पुढे आणि दोन-दोनची रांग मागे. रांग पहिल्या वळणापर्यंतच टिकली. एका मोठ्या काळ्या फुलपाखराच्या मागे सगळे धावले. पंखांवर निळे पट्टे. “राणी पाकोळी!” बाई ओरडल्या. “आपल्या महाराष्ट्राचं फुलपाखरू!” 2015 साली महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखरू ठरवलं, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मुलांना राज्याशी कर्तव्य नव्हतं. एक चुणचुणीत मुलगी अण्णांच्या काठीकडे बघत जवळ आली. “आजोबा, इथं बिबट्या आहे?”

“नाही गं. इथं पूर्वी उंदीर होते. हे एवढे.” अण्णांनी दोन्ही हातांनी दाखवलेलं माप बिबट्याच्या पिल्लाला शोभलं असतं. मुलगी खूश होऊन रांगेत परत गेली.

मग अण्णा थांबून थांबून सांगू लागले. इथं पाय ठेवला की रुतायचा. इकडे उतार होता, गाड्या मागे घेत घेत यायच्या. मे महिन्यात कचरा आपोआप पेटायचा आणि दिवसच्या दिवस धुमसायचा, पाणी मारलं तरी विझायचा नाही. वर घारी फिरायच्या. गाडी रिकामी झाली की पहिल्यांदा घारी आणि कावळे, मग काच-पत्रा वेचणाऱ्या बाया. त्यांतल्या एकीचं पोर अण्णांच्या टेबलाखाली सावलीला झोपायचं. “साहेब आला की मी पाय असे पुढे घ्यायचो,” असं म्हणून त्यांनी बाकावर बसून पाय कसे घ्यायचे ते करून दाखवलं.

1977 मध्ये इथं कचरा टाकणं बंद झालं. अण्णांची बदली त्याआधीच वॉर्डात झाली होती. पुढे वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या मंडळींनी या 37 एकरांवर निसर्ग उद्यान करायची कल्पना लावून धरली. 1983 साली सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लावलं गेलं आणि 22 एप्रिल 1994 ला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी उघडलं. म्हणजे झाड ते उद्घाटन या मधल्या काळात माझं शिक्षण, नोकरी, लग्न, मुलगा सगळं झालं. मी हे सांगितल्यावर अण्णांनी एकच गोष्ट विचारली. “सलीम अली तेव्हा किती वर्षांचे?” जन्म 1896 चा. शहाऐंशी-सत्त्याऐंशी. “बघ,” अण्णा म्हणाले आणि काठी टेकून एवढ्या झपाट्यानं उठले की मलाच धावावं लागलं.

वाटेच्या एका वळणावर उतारावरची माती पावसानं वाहून गेली होती आणि झाडाची मुळं उघडी पडली होती. अण्णांनी काठीच्या टोकानं तिथं टोकरलं. मी ‘अहो, नका’ म्हणेपर्यंत त्यातून पांढरं काहीतरी निघालं. मी रुमालानं पुसलं. चिनीमातीचा तुकडा, बोटाच्या दोन पेरांएवढा. कडेला एक निळी रेघ आणि कानाचा अर्धा गोल शिल्लक. मुळाचा एक केसासारखा तंतू त्या अर्ध्या कानातून ओवल्यासारखा आरपार गेला होता.

“इराण्याचा कप,” अण्णा म्हणाले. “दादर, माटुंगा, परळ, आपल्याकडचाच असणार. आमच्या वॉर्डाच्या गाड्या इथंच यायच्या.”

त्यांच्या काळच्या गाड्यांत काय असायचं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. शेगडीची राख, भाजीची डेखं, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, पत्रावळी, चिंध्या, सणानंतर निर्माल्य. प्लॅस्टिक अगदी थोडं. असलंच तर वेचणाऱ्या बाया ते गाडीतून खाली पडायच्या आत उचलत. त्या कचऱ्यावर माती पसरली आणि झाडांनी ती धरली. आजच्या आमच्या सोसायटीच्या डब्यातला ऐवज पुरला तर त्यावर पन्नास वर्षांनी असा पांगारा उभा राहील का? मला शंका आहे. अण्णांना ती नाही. ते सरळ ‘नाही’ म्हणाले. तुकडा मी होता तिथं ठेवला आणि वर पायानं माती लोटली. मोह झाला होता, पण त्याच्या कानातून मूळ गेलेलं होतं, ते तोडून न्यायला मन होईना.

तळं मधेच आहे. पावसाचं पाणी साठवायला केलेलं. पुढे उन्हाळ्यात तेच झाडांना घालतात. नुकताच पावसाळा सरलेला, त्यामुळे काठोकाठ भरलं होतं. पाणी हिरवट, पण घाण नव्हे. काठावर बसलो आणि पहिली दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. अण्णांना पाण्याच्या कडेला एक गोणीचा तुकडा दिसला आणि त्यांच्यातला जुना कारकून जागा झाला. “अजून टाकतात बघ,” ते चिडून म्हणाले. मीही पाहिलं. मळकट तपकिरी, तळाशी ओला झालेला. गोणीच. मग एक बेडूक उडी मारून पडला आणि गोणपाटातून एक लांब मान सुटली. इतकी वेगात की मान आत गेलेलीच मी पाहिली, बाहेर आलेली नाही. ढोकरी होती. गिळल्यावर ती पुन्हा गोणी झाली. आणि मुलांच्या गलक्यानं उडाली तेव्हा तिचे पंख पांढरेशुभ्र निघाले, मळक्या कोटाचं अस्तर पांढरं असावं तसे. अण्णा तोंड उघडं टाकून बघत राहिले. बसली की पुन्हा मळकी, उडाली की पुन्हा पांढरी. आम्ही तिला तीनदा उडताना पाहिलं आणि तिसऱ्यांदाही दोघांनी तितकंच मोठ्यानं ‘अरे!’ म्हटलं.

नंतर एक पाणकोंबडी आली, शेपटीखालचा तांबूस भाग सारखा वरखाली हलवत, आपल्याला कोणी पाहत नाही अशा समजुतीत. खंड्या फक्त ऐकू आला. डास मात्र सढळ होते. पाय झाकतील असे कपडे घालून जावं.

उद्यानाच्या मागच्या अंगाला मिठी नदी आहे. विहार तलाव भरून वाहिला की तिथून निघालेलं पाणी, त्यात पवईचं मिळतं आणि ते माहीमच्या खाडीपर्यंत येतं. मुंबईला पहिल्यांदा नळानं पाणी दिलं ते विहारनं. आणि त्याच्याच पोटचं हे पाणी शहरातून येता येता काय होऊन बसतं ते कुंपणाजवळ नाकानं वाचता येतं. ओहोटी होती. पलीकडे तिवरं चिखलात उभी होती, भोवती पेन्सिली उलट्या खोचाव्यात तशी त्यांची श्वास घेणारी मुळं. तिवराच्या पानाच्या पाठीवर मीठ साठतं, जीभ लावली तर खारट लागतं, असं मी शाळेत शिकले होते. मिठीकाठच्या पानाला जीभ लावायची हिंमत झाली नाही.

या पाण्याशी माझी एकदा गाठ पडली आहे. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी मी बीकेसीहून चालत निघाले होते. कमरेएवढं पाणी, अंधार, पुढच्या माणसाच्या पाठीला हात लावून चाललेली रांग. डाव्या हाताला झाडांचा काळा पट्टा होता. कुठून तरी बेडकांचा एवढा मोठा आवाज येत होता की रांगेतला एक जण म्हणाला, “यांची मज्जा आहे साली.” तो पट्टा म्हणजे हीच झाडी. रात्री दीडला घरी पोचले तेव्हा आईनं मला उंबऱ्यावरच थांबवलं होतं. मोरीत गरम पाण्याची बादली तयार होती.

अण्णांना हे मी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं, तर ते तिवरांकडे बघत म्हणाले, “आमची शेड साधारण त्या अंगाला असेल.” मग जरा वेळानं, “किंवा त्या अंगाला.” त्यांना नेमकी जागा सापडली नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटलेलं दिसलं नाही.

परतताना रोपवाटिकेतून एक तुळस आणि अडुळशाचं रोप घेतलं. फाटकावर अण्णांनी वही पुन्हा मागून घेतली, जाण्याची वेळ मिनिटासकट टाकली आणि मागची दोन पानं उलटून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“दिवसाला किती येतात?” त्यांनी वॉचमनला विचारलं.

“गाड्या का आजोबा?”

“छे, छे,” अण्णा म्हणाले. “माणसं.”