काळी माती आणि पांढरें बर्फ

परभणी जिल्ह्यांत पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा हें गांव आहे. येथें हिम कधीं पडत नाहीं. परंतु पावसाळ्यांत काळी माती अशी निसरडी होते कीं, शेतरस्त्यावर मोटारीचीं चाकें जागच्या जागींच फिरत राहतात. यंत्राचा जोर कितीही असो, भुईची पकड सुटली म्हणजे तो व्यर्थ होय. हिंवाळ्यांत स्पोर्ट्‌स मोटार घेऊन येथून कोणी तरुण हिमाचलाकडे निघाल्यास त्यानें हा पाठ सोबत न्यावा, असें आम्हांस वाटतें.

२०२० सालीं खुला झालेला अटल बोगदा मनालीकडून लाहौलांत नेतो. तिकडे सांवलींतील रस्त्यावर बर्फाचा पारदर्शक थर बसतो व तो नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. स्पोर्ट्‌स मोटारीचें पोट भुईलगत असतें. तिचे उन्हाळी टायर कडाक्याच्या थंडींत ताठरतात. म्हणून हिंवाळी टायर वा चाकांस सांखळ्या हव्यात. वळणापूर्वींच वेग उतरवावा, गियर खालचा ठेवावा, ब्रेक एकदम दाबूं नये, आणि पुढील वाहनापासून अंतर कितीतरी पट अधिक राखावें.

चिखलांत रुतलेली मोटार शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनें बाहेर निघते. दरींत गेलेल्या मोटारींतील माणसें मात्र घरीं परत येतीलच असें नाहीं.