पहिला सापळा कोणता घ्यावा?

भाच्याने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा असा होता : "मामू, सापळा लावून जनावर धरणं जायज आहे का? आणि असेल, तर पहिला सापळा कोणता घेऊ?" दोन्ही प्रश्न एका दमात. मी उर्दू शाळेत मराठी शिकवणारा माणूस. मुफ्ती नाही, शिकारी तर मुळीच नाही. पण आमच्या घरात मास्तर म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश असा समज आहे, आणि आपाचा मुलगा एवढ्या लांबून विचारतोय म्हटल्यावर उत्तर टाळता येईना.

तो कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात ट्रक दुरुस्तीचं काम करतो. गावाबाहेर एक जुनं शेतघर भाड्याने घेतलंय. मागे तळं आहे. तिथल्या बीव्हरांनी रस्त्याखालची मोरी फांद्या आणि चिखलाने बुजवून टाकली, की पाणी रस्त्यावर येतं. मोरी मोकळी केली, तर दोन रात्रींत पुन्हा बंद. सत्तरी ओलांडलेला शेजारी लहानपणापासून सापळे लावतो. तो म्हणाला, माझ्याबरोबर चल, शिकवतो. तिथे हा गुन्हा नाही. आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग प्रांताचा परवाना, मग ठरलेल्या हंगामात ठरलेली जनावरं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच सापळा लावणं येतं, म्हणून इथल्या वाचकांनी पुढचं सगळं त्या देशापुरतंच समजावं. रानात साधा फास लावला तरी आपल्याकडे तुरुंग आहे, मग तो सशासाठी असो की मुंगसासाठी.

बी.एड.ला शिकवलेलं एक सूत्र अजून कामाला येतं : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणून मी उंदराच्या सापळ्यापासून सुरुवात केली. लाकडी फळी, वर तारेची कमान, खटका दबला की कमान मानेवर येते. हा झाला मारणारा सापळा. जाळीचा पिंजरा, ज्यात रोटीचा तुकडा लावतात, तो जिवंत धरणारा. तिसरा फास. जगभरातली सापळ्यांची दुकानं फिरून आलात तरी बहुतेक माल या तीन घराण्यांतच बसतो. गंमत म्हणजे तिकडे वीझल नावाचं मुंगसासारखं लांबुळकं, पण त्याहून लहान जनावर असतं. त्याच्यासाठी नवशिके लाकडी खोक्यात हाच उंदराचा मोठा सापळा ठेवतात. खोक्याला वाटोळं भोक, आत मांसाचा तुकडा. भाचा हसला, "मामू, मग तर मला येतंच की!"

येत नव्हतं. कारण चौथंही एक घराणं आहे, पायाला धरणारं. लोखंडी दोन जबडे, मध्ये चकती. जनावराने चकतीवर पाय ठेवला की जबडे मिटतात. जनावर मरत नाही, अडकून राहतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेवेल न्यूहाऊस नावाच्या माणसाच्या सापळ्यांनी हा प्रकार घरोघरी नेला. सिनेमात दिसणारे करवतीसारखे दात आता नसतात. चांगल्या सापळ्यात जबडे मिटल्यावरही मध्ये थोडी फट राहते, पायाला लागणारी कड रुंद केलेली असते, साखळीत जागोजागी फिरकी असते, म्हणजे जनावराने गिरकी घेतली तरी पाय पिळला जात नाही. लांडग्यांना रेडिओ पट्टा बांधणारे अभ्यासकही असेच सापळे वापरतात, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. तरी ब्रिटनने दातेरी सापळे १९५८ मध्येच बंद केले, आणि युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये नियम करून पायाचे सापळे थांबवले. माझं मत विचाराल तर नवशिक्याने या घराण्याच्या वाटेला जाऊ नये. कोल्हा किंवा कोयोट धरायचा तर खड्डा कसा खणायचा, चाळलेली माती किती पसरायची, चकतीखाली किती ताण ठेवायचा, हातमोज्याचा वास कसा टाळायचा, हे सगळं हातात बसायला दोन-तीन हंगाम जातात. तोवर जो चुकतो त्याची किंमत जनावर मोजतं.

भाच्याच्या शेजाऱ्याचंही हेच म्हणणं निघालं. त्याने सुचवला तो कॉनिबेअर. फ्रँक कॉनिबेअर हा स्वतः कॅनडाच्या उत्तरेत सापळे लावून पोट भरणारा माणूस. पायात अडकून तासन्‌तास तडफडणारी जनावरं बघून त्याने झटपट मारणारा सापळा बनवायचा ध्यास घेतला, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला. तारेच्या दोन चौकटी आणि बाजूला स्प्रिंगा. जनावर चौकटीतून जायला गेलं की मान किंवा छाती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. आकारांना क्रमांक आहेत. ११० लहान, मस्करॅट आणि मिंकसाठी. २२० मधला, साधारण सात इंच. ३३० दहा इंचांचा, बीव्हरसाठी.

इथे मी मामा म्हणून घाबरलो. ३३० चुकून हातावर मिटला तर हाड मोडू शकतं. तो हाताने ताणायचा नसतो. लांब दांड्यांची चिमट्यासारखी पकड मिळते, तिने स्प्रिंग दाबायची, आकडा लावायचा, आणि सापळा जागेवर बसल्यावर, हात बाहेर आल्यावरच आकडा सोडायचा. शिवाय खिशात वीतभर नव्हे, चांगली चार-पाच फूट लांब दोरी हवी, एका टोकाला फासा बांधलेली. एक हात अडकलाच तर दोरी स्प्रिंगच्या कड्यांतून ओवायची, फाशात पाय घालायचा आणि दुसऱ्या हाताने ओढून स्प्रिंग दाबायची. बर्फात, कमरेइतक्या पाण्यात, एकटा माणूस. मी भाच्याला सांगितलं, पहिली खरेदी सापळ्याची नाही, दोरीची. आणि घरात बसून, कोरड्या जागी, एका हाताने सुटण्याचा सराव दहा वेळा. आपाला हे मी कळवलेलं नाही. ती हा लेख वाचत नाही अशी आशा आहे.

म्हणून पहिल्या हंगामासाठी माझ्या मास्तरकीतून निघालेली यादी फार छोटी आहे. सहा ११० क्रमांकाचे सापळे, तार, सुतळी, पक्कड, हातोडी, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, कमरेपर्यंतचे बूट, आणि एक वही. डझनावारी सापळे घेऊ नयेत. जेवढे रोज चालत जाऊन बघता येतील तेवढेच लावावेत. मस्करॅट हे घुशीएवढं, पाण्यात राहणारं जनावर. तळ्याच्या काठात त्याची बिळं असतात आणि बिळाच्या तोंडापासून पाण्याखाली त्याची ये-जा करून गाळ सरकलेली, स्वच्छ वाट दिसते. त्या वाटेवर काठीला अडकवून चौकट बुडवायची. आमिष लागत नाही, वास लपवायला लागत नाही, फक्त वाट ओळखायला लागते. शिकणाऱ्याला याहून चांगला पहिला धडा नाही, कारण यात सामानापेक्षा नजर जास्त वापरावी लागते. ३३० त्याने शेजाऱ्याबरोबरच हाताळावा, एकट्याने नाही.

नवे सापळे तेलकट असतात. ते उकळून, थोडे गंजू देऊन, मग रंगाच्या पाण्यात उकळतात, त्यामुळे चकाकी जाते. पायाच्या सापळ्यांना वरून मेणही देतात. चौकटीच्या सापळ्यांना मात्र मेण नको, खटका निसरडा होऊन भलत्या वेळी सुटतो.

आता जायज-नाजायजचा भाग. शिकारीला आपल्याकडे मनाई नाही, गरजेसाठी ती आहेच. मौजेसाठी जीव घेणं मात्र नापसंत आहे. कातड्याबद्दल हनफी उलेमांचं म्हणणं असं, की कमावल्यावर डुकराचं सोडून जनावराचं कातडं पाक होतं. शाफई त्यात कुत्र्याचाही अपवाद धरतात. हिंस्र श्वापदांची कातडी अंथरायला-वापरायला मनाई करणारी हदीस आहे, पण बीव्हर आणि मस्करॅट झाडपाल्यावर जगतात. एवढं सांगून मी त्याला तिथल्या इमामसाहेबांकडे पाठवलं. मला त्याहून जास्त आठवत होती ती मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस. तिने मांजरीला खाऊ घातलं नाही, आणि सोडलंही नाही की ती स्वतः काही किडेमुंग्या शोधून खाईल. त्या बाईला शिक्षा झाली ती मांजर मारली म्हणून नव्हे, अडकवून विसरली म्हणून, असा मी तिचा अर्थ लावतो.

आणि आमच्या शाळेतली गोष्ट. खिचडीच्या तांदळाच्या खोलीत उंदीर झाले म्हणून कुणीतरी जाळीचा पिंजरा लावला, आणि मध्येच दिवाळीची सुट्टी लागली. शाळा उघडली तेव्हा सहावीच्या पोरांनी तो पिंजरा पाहिला. उंदराने तार कुरतडून कुरतडून तोंडाची जी दशा केली होती, ती पाहून दोन मुलं जेवली नाहीत. उंदीर मारायचाच होता. पण तसा नाही. पिंजरा म्हणजे दयाळू सापळा, असं जे आपण धरून चालतो, ते फक्त बघायला येणारा माणूस असेल तोवरच खरं. कॅनडा-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जिवंत धरणारे सापळे दर २४ तासांनी तपासायचा नियम आहे, तो यासाठीच. कॅनडाने १९९७ मध्ये युरोपबरोबर करार केला, त्यानुसार कुठल्या जनावराला कुठला सापळा मान्य, हे चाचण्या घेऊन ठरवतात. नवशिक्याने दुकानदाराला न विचारता ती मान्य सापळ्यांची यादी बघावी.

पैशाचं म्हणाल तर यात काही उरलेलं नाही. ज्या व्यापारासाठी १६७० मध्ये हडसन बे कंपनी उभी राहिली, बीव्हरच्या केसांच्या टोप्यांसाठी अर्धा खंड पालथा घातला गेला, त्या कातड्यांना आता गिऱ्हाईक शोधावं लागतं. टोरंटोचं मोठं लिलावघर २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत सापडलं. भारतानेही २०१७ मध्ये मिंक आणि कोल्ह्याच्या फरची आयात बंद केली. भाच्याला मी सरळ सांगितलं, पेट्रोलचा खर्च निघाला तरी नशीब समज.

आमच्या वऱ्हाडात हे सगळं ऐकून कुणाला काय वाटेल, हे मला ठाऊक होतं. आठवडी बाजारात पूर्वी तितर-बटेर घेऊन बसणारे एक फासेपारधी बाबा आता झाडू विकतात. त्यांच्या जमातीला इंग्रजांनी १८७१च्या कायद्याच्या चौकटीत गुन्हेगार ठरवलं, स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, आणि १९७२ मध्ये त्यांचा हुन्नरच गुन्हा झाला. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, माळढोक आणि काळवीट वाचायलाच हवेत. पण तिकडे शेजारच्या म्हाताऱ्याला सरकार परवाना देतं, आणि इकडे ज्याच्या नावातच फासा आहे त्याला पोलीस आधी उचलतात, हे मनात खुपत राहतं. अकोला-वाशिमकडे काही पारधी वस्त्यांनी गवताची रानं राखायला घेतली आहेत, तिथे या नजरेचा उपयोग होतोय.

बाबांना मी मोबाइलवर ११०चा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटाने मोठा केला, स्प्रिंग बघितली, मग विचारलं, "मास्तर, यात गाभण मादी आली तं?"

मी म्हणालो, मरते.

"आमच्या फाशात आली का सोडून द्याचो आमी. पाडस बी सोडाचो."

हा प्रश्न मी तसाच भाच्याला पाठवला. त्याने शेजाऱ्याला विचारला. उत्तर दोन दिवसांनी आलं : चौकट निवड करत नाही, माणसाला करावी लागते. म्हणून हंगाम पाळायचा, पिल्लांच्या दिवसांत पाण्याला हात लावायचा नाही, आणि जमिनीवर २२० ठेवायचाच नाही, कारण त्यात गावातलं कुत्रं डोकं घालतं. रकून धरायचा असेल तर नळीसारखा छोटा सापळा मिळतो, ज्यात हात घालून आतला खटका ओढावा लागतो. ते रकूनला जमतं, कुत्र्याच्या पंजाला नाही.

भाच्याने सहा ११० घेतले आहेत. मोरीसाठी मात्र शेजाऱ्याने आधी जाळीचं कुंपण करून बघायला सांगितलंय. बीव्हरला मोरीच्या तोंडापर्यंत पोचताच आलं नाही, तर कदाचित ३३०ची गरजच पडणार नाही. जाळी आणि लोखंडी खांब त्याने आणलेत. बर्फ वितळला की ठोकणार आहे.