जहाजावर कोण थांबणार?

२०२४ च्या जानेवारीत लक्षद्वीपचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरले आणि तेव्हापासून आमच्या वणीत भाजी घेताना, शाळेच्या फाटकाशी, कुठंही मला एकच प्रश्न येतो, "तुम्ही जाऊन आलात ना? म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता येतं का हो?"

येतं. आम्ही २०१९ साली जानेवारीच्या अखेरीस, घरचं हळदीकुंकू आटोपून, चांगले नऊ जण गेलो होतो. सासूबाई, मामंजी, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, वन्सं, त्यांचे यजमान आणि कॉलेजात जाणारी भाची. मामंजींचं वय शहात्तर, धाकट्या लेकीचं सहा. मधल्या माणसांची वयं मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका!

नाशिकरोडला मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस मिळते. गाडीच्या नावातच लक्षद्वीप असल्यामुळे धाकटीला वाटलं, गाडी थेट बेटावर जाणार. ती एर्नाकुलमला सोडते. तिथून पुढे कोचीच्या बंदरातून जहाज. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर गाडीतून उतरून त्याच दिवशी जहाज गाठायचा हट्ट धरू नका. एक रात्र कोचीत काढा. गाडीला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही आणि मोठ्यांच्या पायाची सूज उतरते.

आम्ही लक्षद्वीपच्या सरकारी पर्यटन संस्थेची 'समुद्रम्' नावाची सहल घेतली होती, जहाज 'एम. व्ही. कवरत्ती'. पाच दिवसांचा कार्यक्रम. रात्री जहाज चालतं, दिवसा बेटापाशी थांबतं. सकाळी न्याहारी करून बेटावर उतरायचं, दुपारचं जेवण तिथंच, संध्याकाळी परत जहाजावर. मिनिकॉय, कल्पेनी आणि कवरत्ती अशी तीन बेटं. जहाजवाले ह्याला 'शोअर एक्स्कर्शन' म्हणतात, आपण साधं 'उतरणं' म्हणू. सगळी गंमत ह्या उतरण्यात आहे आणि भांडणंही त्यातच आहेत.

आमच्याकडे पहिली बैठक दिवाळीतच बसली. ह्यांनी एका कागदावर भराभरा लिहून काढलं, मुलांनी काय काय करायचं, दीपगृह कोण चढणार, पाण्यात तोंड घालून मासे कोण बघणार. शेवटी एक ओळ: 'आई-बाबा जहाजावर आराम करतील.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "आणि त्यांच्याजवळ कोण थांबणार?"

कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मी वन्संकडे. घरात लग्न असो, जत्रा असो की सहल, म्हाताऱ्यांजवळ थांबणारी बाई न बोलता ठरलेली असते. तुमच्याकडे वेगळं असेल तर तुमची दृष्ट काढायला हवी. बरं, ज्यांच्या आरामाची ओळ लिहिली गेली त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई तिथंच बसून करंज्यांना मुरड घालत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी आराम करायला एवढ्या लांब कशाला येऊ? इथं खाट नाही का?"

मग मी शाळेतली एक कोरी वही आणली. वेळापत्रक आखायची मला सवयच आहे. तीन दिवस, प्रत्येक दिवसाचे दोन भाग, म्हणजे सहा घरं. प्रत्येक मोठ्या माणसाला निदान एक भाग पूर्ण मोकळा आणि एक भाग राखणीचा, मग ती मुलांची असो की मोठ्यांची. पुरुषांनाही. वन्संच्या यजमानांनी जरा नाक मुरडलं, पण भाचीने त्यांचं नाव शाईने लिहून टाकलं. मामंजींनी स्वतःच सांगितलं की आपल्याला रोज उतरायची हौस नाही, एकदा कवरत्तीला उतरू, बाकी डेकवर खुर्ची टाकून पाणी बघत बसू. सासूबाई म्हणाल्या, "मी तिन्ही दिवस दारापर्यंत येणार. उतरायचं की नाही ते तिथं बघून मी ठरवीन." तेही तसंच लिहिलं. योजना करताना हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मोठ्यांचा निर्णय घरी बसून आपण करायचा नाही, त्यांच्यासाठी दोन्ही सोयी करून ठेवायच्या.

आता उतरणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. बेटांभोवती प्रवाळाचा कडा असतो आणि आतलं पाणी उथळ, आपल्या पाझर तलावासारखं निवांत. ह्या पाण्याला लगून म्हणतात. मोठं जहाज त्यात शिरू शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या जरा वर एक दार उघडतं, त्याला लागून छोटी होडी येते. ती लाटेबरोबर वर येते, खाली जाते. ती वर आली की पाऊल टाकायचं. दोन्ही बाजूंना खलाशी दंड धरतात, पण पाऊल आपलंच असतं. लाट शांत असली तर काही नाही, उसळी असली तर तरण्यांचाही जीव खालीवर होतो.

आमच्याकडे माणसाचं बळ सप्तशृंगीच्या गडावर मोजतात. पाचशेच्या आसपास पायऱ्या, त्या कोण किती दमात चढतो ते बघायचं. २०१८ साली गडावर ट्रॉली सुरू झाली तेव्हापासून सासूबाई ट्रॉलीनेच जातात. पण मी त्यांना उतरताना तेवढ्या पायऱ्यांनी आणलं, हात धरून, सावकाश. होडीत चढताना दम लागत नाही, गुडघा आणि तोल लागतो आणि तो चढण्यापेक्षा उतरताना कळतो. तुमच्याजवळ गड नसेल तर घराच्या जिन्यावर बघा. कठडा न धरता चार पायऱ्या उतरता येत नसतील, तर होडीचं मनातून काढून टाकलेलं बरं. डॉक्टरांनाही आधी विचारा. मळमळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालतात का, हे विचारल्याशिवाय देऊ नयेत आणि द्यायच्या तर जहाज सुटण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. खोली मिळाली तर जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथं हेलकावे कमी बसतात. आल्याच्या वड्या आणि आवळासुपारी मी डबाभर नेली होती, ती शेजारच्या खोल्यांमध्येसुद्धा संपली.

कपड्यांचं एक सांगते. भाचीने सगळ्यांना पंजाबी ड्रेस घालायला लावले. सासूबाई नऊवारीवर ठाम राहिल्या आणि खरं म्हणजे होडीत सर्वांत सुटसुटीत त्याच होत्या, काष्टा असल्यावर पायात काय येणार? वन्संची ओढणी मात्र दोनदा अडकली. चपला मागे पट्टा असलेल्या रबरी घ्या. प्रवाळाचे तुकडे पायाला कापतात आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही. प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीतच बरोबर ठेवायचा, जहाजावरच्या बॅगेत राहिला तर दुपारभर ओलं बसावं लागतं.

पहिलं बेट मिनिकॉय. हे बाकीच्या बेटांपासून दूर, दक्षिणेला मालदीवच्या जवळ. इतर बेटांवर मल्याळम बोलतात, इथली बोली महल, मालदीवच्या भाषेची बहीण. पाणी शांत होतं, सासूबाई अगदी सहज होडीत उतरल्या. हे मुलांना घेऊन १८८५ साली बांधलेल्या दीपगृहावर गेले, आम्ही बायका गावात. गल्ल्या लख्ख झाडलेल्या. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरीला जात आले, घर-दार बायकांच्या हाती. आणि इथली रीत अशी, की लग्न झालं तरी मुलगी माहेर सोडत नाही, नवराच तिच्या घरी राहायला येतो. वंशही आईकडून चालतो. हे ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे इथल्या बाईला सासुरवास नाही." थोडं चालून गेल्यावर पुन्हा, "आणि म्हातारपणी लेक जवळ." वन्संनी त्यांचा हात धरला. तो त्यांनी जेवणाच्या मांडवापर्यंत सोडला नाही. त्या दोघी पुढे चालल्या होत्या आणि मी मागे राहिले, मुद्दामच.

दुसऱ्या दिवशी कल्पेनी. ह्या बेटाच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचे ढीगच्या ढीग आहेत, १८४७ च्या मोठ्या वादळाने ते टाकले असं मानतात. वादळ तिथं जुनी गोष्ट नाही. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' चक्रीवादळाने ह्याच बाजूला झोडपलं होतं. आम्ही परत आलो त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर 'महा' वादळ लक्षद्वीपवरून गेलं. म्हणून दिवाळीच्या सुटीचा मोह टाळा. जानेवारी ते मार्च समुद्र बरा असतो, मुलांची थोडी शाळा बुडते ती बुडू द्यावी, एक शिक्षिकाच हे सांगते आहे!

त्या सकाळी समुद्राला उसळी होती. वहीत कल्पेनीची सकाळ माझी मोकळी होती आणि मामंजींजवळ थांबायची पाळी ह्यांची. सासूबाई ठरल्याप्रमाणे दारापर्यंत आल्या. होडी वर आली, गेली. पुन्हा आली. खलाशाने हात पुढे केला. त्यांनी पदर खोचला, एक पाऊल उचललं आणि परत ठेवलं. मागे रांग थांबली होती. कुणी "चला आजी" म्हणालं, कुणी "राहू द्या" म्हणालं. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज नाही."

माझे पाय आपोआप मागे वळले. एवढ्या वर्षांची सवय ती. मी म्हटलं, "मी थांबते तुमच्याजवळ." त्या म्हणाल्या, "का? आज तुझं घर आहे ना वहीत? तो बसलाय वर आपल्या बापाजवळ, मलाही बघेल. जा तू." आणि माझ्या खांद्याला त्यांनी चक्क ढकललं.

होडीत बसून मी वर पाहिलं तर दाराशी त्या नव्हत्याच. गेल्या होत्या आपल्या आपण जिना चढून.

त्या सकाळी मी काय केलं? काही नाही. तोंडाला काच आणि नळी लावून, पोहणं शिकवणाऱ्या मुलीचा हात धरून, लगूनच्या पाण्यावर पालथी पडून राहिले. खाली निळे-पिवळे मासे, प्रवाळाची झुडपं. कुणी "आई" म्हणून हाक मारली तरी पाण्यात कान बुडालेल्या बाईला ऐकू येत नाही, हे मला तिथं कळलं. दुपारी गावात ऐकलं, की बायकांच्या शिक्षणाला सगळीकडे विरोध होता त्या काळात ह्या बेटांपैकी पहिल्यांदा कल्पेनीच्या मुली शाळेत गेल्या. मला त्या शाळेचं अंगण बघायचं होतं, पण होडीची वेळ झाली. संध्याकाळी परतले तर सासूबाई, मामंजी आणि हे पत्ते खेळत बसले होते. हे हरत होते.

कवरत्ती आम्ही मुद्दाम सगळ्यांसाठी राखून ठेवलं होतं. १९६४ पासून हे लक्षद्वीपचं मुख्य ठिकाण. इथं काचेच्या तळाची होडी मिळते. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांनी बाकावर बसून खाली बघायचं, पाय कोरडे. मामंजी उतरले, सासूबाईही उतरल्या आणि मत्स्यालयातून मामंजींना बाहेर काढायला भाचीला पाठवावं लागलं. उज्रा मशिदीच्या लाकडी छतावरचं कोरीव काम सुंदर आहे, ते बाहेरून-आतून जेवढं बघू देतील तेवढं बघा, अंगभर कपडे आणि डोक्यावर पदर असू द्या. आणि इथल्या पिण्याच्या पाण्याची गंमत विचारून घ्या. २००५ पासून इथं समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करतात आणि खोलातून ओढलेल्या गार पाण्याने ती थंड करून गोडं पाणी मिळवतात, रोज एक लाख लिटर एवढ्या क्षमतेचा प्रकल्प आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना ह्यातलं मोल सांगायला नको.

मुलांना एक गोष्ट बजावून ठेवा. प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, खिशात घालायचा नाही. तो गुन्हा आहे आणि परतीच्या वेळी सामान तपासतात.

परवान्याचं विसरू नका. आपण भारतीय असलो तरी लक्षद्वीपला प्रवेश-परवाना लागतोच, प्रत्येक माणसाचा वेगळा. नऊ जणांची कागदपत्रं जमवायला आम्हाला महिना लागला, कारण मामंजींच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं निघालं. सहलींचे कार्यक्रम आणि जहाजं दरवर्षी बदलतात, तेव्हा आमच्या वेळचं धरून न बसता त्या वर्षीचं वेळापत्रक आधी मागवा.

२०२१ पासून मुंबईहूनही खासगी क्रूझ लक्षद्वीपकडे जाऊ लागली. आपल्याला मुंबई जवळ, म्हणून पुष्कळजणी तिचं विचारतात. त्यात बेटावरचा वेळ थोडा असतो, म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: बेटावर उतरण्याचे पैसे तिकिटात धरले आहेत की वेगळे, समुद्र खवळला आणि होडी गेलीच नाही तर ते परत मिळतात का आणि एखाद्या आजींनी दाराशी येऊन "आज नाही" म्हटलं तर त्यांच्या एकट्या तिकिटाचं काय. तिसऱ्या प्रश्नाला फोनवरची मुलगी जरा थांबते. थांबू द्या, पण उत्तर लेखी घ्या.