नव्या पानावरचे नाव

घरातील मुका जीव गेल्यानंतरचे दुःख बोलून दाखविण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. माणूस गेला की नातलग भेटीला येतात, पेढीवर आलेला व्यापारीही दोन शब्द बोलतो. कुत्र्यासाठी कोण येणार? तरीही आमचा मोती गेला, तेव्हा सांगलीतील आमच्या घराची सारी दिनचर्या विस्कटली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले, त्या वेळी मुलांच्या बरोबरीने त्यालाही माडीवर उचलून नेले होते. पुढे चार वर्षांनी मूत्रपिंडाच्या विकाराने तो थकत गेला. अखेरच्या रात्री सासूबाईंनी त्याच्या कानाशी णमोकार मंत्र म्हटला. मारहाणीने मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याला जीवंधरकुमारांनी हाच मंत्र ऐकविला व तो देवगतीला जाऊन यक्ष झाला, ही कथा त्यांनी मुलांना अनेकदा सांगितली होती.

त्यानंतर वर्षभर ‘आता कुत्रा नको’ हा त्यांचा निर्णय कोणी मोडला नाही. त्या म्हणत, “एका जिवाची माया सुटता सुटत नाही. पुन्हा ती गाठ कशाला मारून घ्यायची?” मोह हे कर्मबंधाचे कारण, हे ज्या घरात लहानपणापासून कानी पडते, तेथे या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. धाकट्या मुलीचाही विरोध होता. मोतीची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली तिला सोसणार नव्हती.

आमचा व्यापार हळद आणि बेदाण्याचा. मार्केट यार्डातील एका गोदामाच्या ओट्यावर पिवळसर रंगाची एक कुत्री राहत असे. हमालांनी तिचे नाव ‘हळदी’ ठेवले होते. तिच्या कानाला खाच होती. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्यावर अशी खूण करून कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडतात. पुढे ते गोदाम रिकामे झाले, हमाल दुसरीकडे कामाला लागले आणि तिचा भाकरतुकडा बंद झाला. तरी ती बंद शटरसमोरून हलेना. यजमानांनी जेवताना हे सांगितले, तेव्हा कोणी काही बोलले नाही.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या स्वाध्यायात मामंजी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचत होते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतका भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. शेवटच्या शब्दापाशी सासूबाईंनी विचारले, “अहो, त्या हळदीला आता कोण घालतं?”

मामंजींनी ग्रंथ मिटला. तरुणपणी मुंबईत भुलेश्वरला नोकरी करीत असताना ऐकलेली हकिकत त्यांनी सांगितली. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीशाह शेठ आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभी राहिली. “त्या व्यापाऱ्यांनी जी कुत्री सांभाळली, ती काही त्यांच्या घरची नव्हती,” एवढेच ते म्हणाले.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मोती आपला होता, म्हणून माया केली. ही कुणाचीच नाही. गेलेल्याच्या नावानं दार लावून बसणं, हासुद्धा मोहच की.”

हळदी घरी आली ती सासूबाईंच्या एका अटीवर: घरात साखळी बांधायची नाही. रस्त्यावर मात्र पट्टा असावाच, शेजाऱ्यांच्या भीतीचाही विचार हवा, हे मामंजींनी जोडले. पशुवैद्यांनी तिला तपासले, जंतांचे औषध दिले, रेबीजची लस दरवर्षी द्यावयास सांगितले. शाकाहारी घरात कुत्र्याचा आहार पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवावा लागतो, नाहीतर पोषणात उणीव राहते. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक. तो आमच्या स्वयंपाकघरात नसतोच. मात्र द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. म्हणून बेदाण्याचे नमुने पूर्वीप्रमाणेच आजही उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात राहतात.

पहिले नऊ दिवस ती उंबऱ्याच्या आत आली नाही. कोणी तिला ओढले नाही. मोतीचे ताट मुलीने धुऊन फडताळात ठेवले आणि हळदीसाठी नवे ताट आणविले. त्यावर मामंजी तिला म्हणाले, “बरोबर केलंस बाळ. दिवाळीला वही बदलते, पण खातेदाराची बाकी त्याच्याच नावावर पुढे ओढतात. ती दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. नव्या माणसाला नवं पान.” मुलीचा विरोध त्या दिवशी बराचसा निवळला. मोतीला विसरण्याची अट कोणी घातलेली नाही, हे तिला उमगले असावे.

हळदी मोतीसारखी नाही. तो दारावरची घंटा वाजताच धावत सुटे; ही मान वर करून पाहते आणि पुन्हा डोळे मिटते. त्याला मांडीवर डोके ठेवून झोपायची सवय होती. ही हातभर अंतरावर बसते. तिच्याशी तुलना करावयाची नाही, असे आम्ही ठरविले आहे, तरी ती होते. मात्र तिला वाढताना हात आखडत नाही.

दुःखातील घराने घाई करू नये. घरातील प्रत्येकाची, विशेषतः थोरांची आणि मुलांची, संमती असल्याशिवाय दुसरा जीव आणू नये. ही जबाबदारी अनेक वर्षांची असते. पण मन तयार झाले, तर दुकानातील देखणे पिल्लू पाहण्याआधी आपल्या पेढीच्या ओट्याकडे एकदा अवश्य पाहावे. तेथे कोणीतरी आधीच आपल्या आधाराने जगत असते.