मैदान बंद झाले तेव्हा

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला झाशीची राणी, शिंदे सरकार आणि तानसेन आठवतात. खेळाडूंना तिथला आणखी एक पत्ता ठाऊक असतो, राणीच्याच नावाची शारीरिक शिक्षण संस्था. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, ऑगस्ट १९५७ मध्ये, ती महाविद्यालय म्हणून सुरू झाली. आज ती अभिमत विद्यापीठ आहे. वास्कोची गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबते. माझा भाचा त्याच गाडीने तिथे शिकायला गेला. चारशे मीटर धावणारा मुलगा.

मार्च २०२० मध्ये देशभरची वसतिगृहे रिकामी झाली आणि तोही घरी आला. शेजारीपाजारी म्हणायचे, "बरे झाले, पायांना विश्रांती!" पण खेळाडूची झोप, भूक, दोस्ती, सगळे पहाटेच्या सरावाला बांधलेले असते. पहिले काही दिवस तो खळ्यात दोरीवरच्या उड्या मारायचा. मग दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहू लागला. एकदा माझ्या बहिणीला म्हणाला, "आई, धावत नाही तर मी कोण गे?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवनेश्वरला झाल्या, त्यानंतरच्या थेट एप्रिल २०२२ मध्ये बंगळूरला. पदवीच्या तीन वर्षांतली दोन अशी गेली, तर उरते काय? आपल्या गोव्यात २०२० मध्ये ठरलेली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धाही २०२३ मध्ये झाली. स्पर्धा पुढे ढकलता येते, खेळाडूचे वय नाही.

२०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्सने मनाची तयारी नाही म्हणून सांघिक अंतिम फेरीतून अंग काढून घेतले, तेव्हा जगभर चर्चा झाली. कॉलेजातल्या मुलाकडे कोण बघणार?

भाच्याला सावरले ते मित्रांनी. सहाजण रोज सकाळी सहाला मोबाइलवर एकमेकांसमोर व्यायाम करायचे. वेळ किती लागली, हे कुणी विचारत नसे. काल झोप लागली का, एवढेच विचारायचे.

तुमच्या वाड्यावर असे एखादे खेळणारे पोर असेल, तर पुढची साथ किंवा संकट येण्याची वाट पाहू नका. "सराव कसा चाललाय?" याच्या आधी "तू कसा आहेस?" हे विचारा. फारच कोमेजलेले दिसले, तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य. गुडघा दुखला की डॉक्टरकडे नेतोच ना आपण?