गंगावन

बैलकुप्प्यात मुंडण केलेल्या मस्तकाचे कोणाला अप्रूप नाही. सकाळी कचेरीच्या वाटेला लागावे, तर तांबड्या वस्त्रांतले तिबेटी भिक्षू घोळक्याघोळक्याने भेटतात. अशा गावी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने डोक्याला पंचा गुंडाळून महिनाभर घरात बसावे, ही दैवाची थट्टाच म्हटली पाहिजे.

विषमज्वरातून ती उठली. पण केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा उरलेले आम्हीच काढून टाकले. म्हैसूरच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात तिला सावित्रीची भूमिका मिळाली होती. नाव मागे घेऊ म्हणताच तिचे डोळे भरून आले. "बाबा, सावित्रीला केस नसले तर यम हसेल का हो?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी टोप करण्याचे पत्करले.

जन्मात कधी सुई हाती न धरलेला मी कारकून! मुलीचे डोके मोजले, ते ५२ सेंटिमीटर भरले. पत्नीने जुन्या बनियनची चापून बसणारी टोपी शिवली. ती आम्ही पालथ्या पातेल्यावर चढवली. काळी लोकर दिली शेजारच्या वृद्ध तिबेटी बाईंनी. त्यांची हयात गालिचे विणण्यात गेलेली; सारे त्यांना आमा-ला म्हणतात. लोकरीचा दुप्पट लांबीचा तुकडा मधोमध दुमडायचा, क्रोशाच्या सुईने त्याचा फास कापडातून ओढायचा आणि त्यातून टोके काढून गाठ आवळायची. काम सोपे वाटले. मी कपाळापासून आरंभ केला आणि दोन रात्री खपलो. पुढची ओळ घालावी, तर वरच्या बटा हाताखाली येऊन गुंतत.

आमा-लांनी ते पाहिले आणि मोडक्या हिंदीत मानेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथून वर." मला एकदम गावाकडचे घर आठवले. छप्पर शाकारताना गडी वळचणीपासूनच वर जातो, म्हणजे वरचा थर खालच्याला झाकतो! मी मुकाट्याने सारे उसवले. शेवटी मधोमध उलटी टीप घालून भांग पाडला.

काम चालू असताना मला 'गंगावन' हा शब्द आठवला. आपल्या आज्या अंबाड्यात गंगावन घालीत. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) काळच्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांनाही उसन्या केसांचा आधार असे. जुन्या कोशांत या शब्दाचा अर्थ चमरीच्या, म्हणजे याकच्या, शेपटीचे केस असा आहे. मी हे सांगताच आमा-ला खुदकन हसल्या. याकच्या केसांच्या काळ्या तंबूत त्यांचे बालपण गेले होते. मी विचारले, "इथे याक नाही, याची खंत वाटते?" लोकरीचा गुंडा माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "याक नाही, मेंढी आहे."

त्या चार शब्दांत मला त्यांच्या वसाहतीचा इतिहास दिसला. १९६०च्या सुमारास ही निर्वासित मंडळी इथल्या रानात उतरली. आज यात्रेकरूंची रीघ लागते, त्या नामड्रोलिंग मठाचा आरंभ १९६३ साली बांबूच्या लहानशा मंदिराने झाला. जे हरवले ते परत येईपर्यंत, हाताशी असेल त्यातून काही उभे करायचे. बदलीच्या गावी शाडू न मिळाल्यास शेतातल्या मातीचा गणपती करणारे आपणही निराळे काय करतो?

प्रयोगात सावित्री यमाच्या पाया पडली आणि टोप कपाळावर घसरला. तिने एका हाताने तो सावरला, दुसरा हात जोडलेलाच ठेवून वाक्य पुरे केले. यम हसला नाही. मला मात्र पुढचे काही वेळ नीट दिसले नाही.

परतताना उकाड्याने हैराण होऊन तिने बसमध्ये टोप काढला. समोरच्या बाकावरच्या बालभिक्षूने आधी तिच्या डोक्याकडे, मग आपल्या डोक्याकडे बोट दाखवले. दोघेही खळखळून हसली. दुसऱ्या दिवसापासून पंचा दोरीवर गेला.

आता तिचे केस बोटभर वाढले आहेत. टोप खुंटीला लटकतो आहे. मी तो काढून टाकू म्हटले, तर ती म्हणाली, "राहू द्या, बाबा. कोणाला तरी लागेल."