आपल्या मुलखाचा संपादक

राजधानींत बसून जगाच्या राजकारणावर लिहिणारे संपादक सर्वांस ठाऊक असतात. परंतु मागासलेल्या मुलखांत राहून त्याचींच सुखदुःखें मांडणारा संपादक थोड्यांच्याच स्मरणांत राहतो. कै. अनंत भालेराव हे या दुसऱ्या वर्गांतले.

त्यांचा जन्म १९१९ सालीं, वैजापूर तालुक्यांतील खंडाळा गांवीं झाला. निजामी राज्यांत कारभारावर टीका करणाऱ्या पत्रास थारा नसे. म्हणूनच आ. कृ. वाघमारे यांनीं १९३८ सालीं ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलें तें पुण्याहून. बंदी आली कीं तेंच पत्र नवें नांव धारण करून पुन्हां निघे! आमच्या जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे एके काळचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं जो मुक्तिलढा झाला, त्यांत भालेरावांनीं उडी घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. त्याआधीं ऑगस्टमध्यें हैदराबादेंत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांचा लेखणीपायींच खून झाला होता.

पुढें ‘मराठवाडा’ औरंगाबादेस आला, भालेरावांनीं त्याची धुरा वाहिली आणि १९६८ सालीं त्याचें दैनिक झालें. आमच्या घरीं तें एस. टी. नें उशिरा येई. आजोबा मजकडून अग्रलेख मोठ्यानें वाचवून घेत. चुलते म्हणत, “राज्य आतां आपलेंच आहे; मग ही टीका कशास?” आजोबा उत्तरत, “आपलें आहे म्हणूनच!”

हा वाद १९७५ सालीं अंगणांतून थेट कारागृहापर्यंत पोंचला. आणीबाणींत भालेरावांस अटक झाली. निजामाशीं झुंजलेल्या माणसास स्वराज्यांतही तुरुंग पाहावा लागला! त्या दिवसानंतर चुलत्यांनीं तो प्रश्न पुन्हां विचारला नाहीं. हिताचें बोलणें गोड असतेंच असें नाहीं, हें संस्कृताच्या वर्गांत सांगणें सोपें; त्यासाठीं शिक्षा सोसणें कठीण.

भालेराव १९९१ सालीं निवर्तले. पुढें तें पत्रही बंद पडलें. आज नातवंडांना दूरदेशींच्या निवडणुका तोंडपाठ असतात, पण आपल्या तालुक्यांतील तलाव कोरडा कां, हें ठाऊक नसतें. वडील मंडळींनीं भालेरावांचें ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ घरांत ठेवावें, रोज मुलांकडून एक लेख मोठ्यानें वाचवून घ्यावा आणि त्यावर भांडूं द्यावें. ज्या घरांत मतभेद मोकळेपणानें बोलले जातात, तेथेंच निर्भय संपादकाचा वाचक घडतो. आणि असा वाचक नसेल तर संपादक तरी कोणाच्या बळावर लिहिणार?